रंग आकाशातून, वास बाटलीतून

राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा जन्म समुद्रापासून पुष्कळ दूर झाला. १ जानेवारी १९६६ रोजी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ती स्थापन केली, तेव्हा तिचा पत्ता दिल्लीचा होता. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम नुकतीच आटोपली होती. आयएनएस किस्तना ही नौदलाची नौका त्या मोहिमेत शास्त्रज्ञांना घेऊन फिरली होती, आणि भारतीय कार्यक्रमाची सूत्रे डॉ. एन. के. पणिक्कर यांच्याकडे होती. तेच संस्थेचे पहिले संचालक झाले. मोहिमेचे कागद, नमुने आणि माणसे त्यांच्यामागून आली. कोचीला युनेस्कोच्या मदतीने प्लवकांच्या वर्गीकरणाचे केंद्र उभे राहिले होते, तेही पुढे संस्थेत सामावले. मुख्यालय मात्र काही वर्षे यमुनेकाठीच राहिले. समुद्राचा अभ्यास करायचा तर समुद्राकाठी असावे, हे सरकारी फायलीला पटायला थोडा वेळ लागतोच.

पुढे संस्था गोव्यात आली आणि दोनापावलच्या पठारावर स्थिरावली. या पठारावर उभे राहिले की एका हाताला मांडवीचे मुख, दुसऱ्या हाताला जुवारीचे. पावसाळ्यात दोन्ही नद्या तांबड्या होतात आणि वाऱ्याला एक वास येतो. त्याला आपण खारा वास म्हणतो, पण मिठाला वास नसतो. त्या वासात किनाऱ्यावरच्या कुजक्या शेवाळाचा भाग असतो, मासळीचा असतो आणि डायमिथाइल सल्फाइड नावाच्या एका गंधकयुक्त वायूचाही असतो. प्रयोगशाळेत त्याला कोणी पूर्ण नावाने हाक मारत नाही, सगळे ‘डीएमएस’ म्हणतात.

या हीरक महोत्सवी स्मरणिकेत ‘गवेषणी’ या जहाजाने १९८१ साली समुद्रतळावरून उचललेल्या धातूंच्या गोट्यांबद्दल, डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून निघालेल्या पहिल्या अंटार्क्टिका मोहिमेबद्दल आणि द्वारकेच्या पाण्याखालील शोधांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. ते सारे अभिमानाचेच आहे. मी मात्र या साठ वर्षांतला एकच धागा उचलला आहे: प्लवकांतून निघणारा वायू मोजणे, आणि तो मोजण्यासाठी आकाशातल्या उपग्रहाला कामाला लावणे. हा धागा कमी झगमगाटाचा आहे. पण संस्थेचा स्वभाव त्यात जितका दिसतो तितका मला दुसरीकडे दिसला नाही.

आधी वायूबद्दल. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पतिप्लवक, खाऱ्या पाण्यात तग धरण्यासाठी पेशीत काही संयुगे साठवतात. त्यांतले एक गंधकाचे आहे, डीएमएसपी. प्लवक जिवंत आणि धडधाकट असेपर्यंत ते बहुतेक पेशीतच राहते. एखाद्या प्राणिप्लवकाने त्याला खाल्ले, विषाणूने फोडले किंवा ते म्हातारे होऊन मेले, की संयुग पाण्यात सांडते. मग जिवाणू त्यावर तुटून पडतात. बराचसा भाग ते स्वतःच पचवतात आणि थोड्याचा डीएमएस करतात. त्या डीएमएसचाही मोठा वाटा पाण्यातच संपतो. जो उरतो तो वाऱ्याबरोबर हवेत जातो. म्हणजे मूळ साठ्याचे उरलेसुरले हवेपर्यंत पोचते, आणि तरीही जगभरचा हिशेब वर्षाला सुमारे २७–२८ दशलक्ष टन गंधकाचा होतो.

१९७१ साली जेम्स लव्हलॉक ‘शॅकल्टन’ या ब्रिटिश संशोधन जहाजावरून इंग्लंडहून दक्षिणेकडे निघाले आणि स्वतः बनवलेल्या उपकरणांनी वाटेवरचे पाणी तपासत गेले. समुद्रात हा वायू सर्वत्र आहे, हे त्यांनी १९७२ साली दाखवून दिले. नद्यांमधून समुद्रात वाहून जाणारे गंधक परत जमिनीवर येते कसे, या जुन्या कोड्याचे ते उत्तर होते. १९८७ साली त्यांच्यासह चौघा शास्त्रज्ञांनी त्यापुढचे धाडसी विधान केले. हा वायू हवेत सल्फेटचे कण बनवतो, कणांभोवती ढगांचे थेंब धरतात, ढगांनी समुद्र थंड होतो, म्हणजे प्लवक स्वतःच्या डोक्यावरचे छत्र स्वतः उभारतात. कल्पना इतकी देखणी होती की तिच्या प्रेमात पडणे सोपे होते. २०११ साली क्विन आणि बेट्स या दोघांनी तिला सविस्तर आव्हान दिले. ढगांच्या कणांना समुद्राच्या तुषारांसह इतरही उगम आहेत आणि छत्राचा दांडा प्लवकांच्याच हातात आहे असे दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. पण वायू किती निघतो, कुठे निघतो आणि कधी निघतो, हे मोजायलाच हवे, यावर दोन्ही पक्षांचे एकमत आहे.

संस्थेला वायू मोजण्याची सवय डीएमएसच्या आधीपासून होती. अरबी समुद्राच्या पोटात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत प्राणवायू जवळजवळ नाहीसा असलेला एक जाड थर आहे. त्या थराने इथल्या रसायनशास्त्रज्ञांच्या दोन-तीन पिढ्या पोसल्या असे म्हटले तर वावगे ठरू नये. नायट्रस ऑक्साइड, मिथेन, कार्बन डायऑक्साइड असा हा सगळा वायूंचा संसार. १९७६ साली सेवेत आलेली ‘गवेषणी’ मूळची कोलकात्यात बांधलेली गाळ वाहणारी बार्ज, तिचे रूपांतर करून जहाज केलेले. १९८३ साली जर्मनीत बांधलेली ‘सागर कन्या’ आली आणि महिना-महिना खोल समुद्रात राहणे शक्य झाले. नव्वदीच्या दशकात समुद्रातील कार्बनच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात भारताचा वाटा उचलला तो मुख्यतः याच जहाजाने. त्याच अभ्यासातून डॉ. मधुप्रताप आणि सहकाऱ्यांचा १९९६ सालचा शोधनिबंध निघाला. उत्तरेकडची कोरडी थंड हवा हिवाळ्यात ईशान्य अरबी समुद्राचे पाणी गार करते, जड झालेले पाणी बुडते, खालची पोषकद्रव्ये वर येतात आणि भर थंडीत प्लवक फुलतात, हे त्यांनी दाखवले. अरबी समुद्राला पावसाळी आणि हिवाळी असे दोन बहर आहेत, हे नीट कळले तेव्हापासून.

डीएमएसची मोजणी संस्थेत नव्वदीच्या उत्तरार्धात जोमाने सुरू झाली. १९९८ साली बंगालच्या उपसागरात मान्सूनच्या अभ्यासासाठी निघालेल्या फेरीवर आणि १९९९ सालच्या हिंदी महासागर प्रयोगात ‘सागर कन्या’वर हे काम झाले. दामोदर शेणॉय, दिलीप कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे निबंध त्यानंतर एकामागून एक येत गेले. दोनापावलच्या पायथ्याशी जुवारीच्या खाडीतही ऋतूप्रमाणे नमुने घेतले गेले, त्याचा निबंध २००३ सालचा. घराच्या अंगणातले पाणी तपासायला अनेकदा सगळ्यात उशीर होतो, तसे इथे झाले नाही याचे मला कौतुक वाटते.

हे मोजणे म्हणजे काय, हे प्रयोगशाळेबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. निस्किन बाटली हव्या त्या खोलीवर बंद होते आणि वर येते. तिच्यातले पाणी नळीने दुसऱ्या बाटलीत घेताना एकही बुडबुडा येता कामा नये, कारण वायू बुडबुड्यात पळतो. पाणी गाळायचे, पण दाब देऊन गाळायचे नाही. जोर लावला की गाळणीवर प्लवकांच्या पेशी फुटतात आणि समुद्रात नसलेला वायू तुमच्या बाटलीत तयार होतो. मग पाण्यातून हेलियमसारखा निष्क्रिय वायू सोडून डीएमएस हुसकावून लावायचा, द्रव नायट्रोजनने गारठवलेल्या बारीक नळीत पकडायचा, नळी एकदम तापवायची आणि गॅस क्रोमॅटोग्राफच्या कागदावर एक टोक उमटण्याची वाट पाहायची. हे सगळे नमुना घेतल्यापासून शक्य तितक्या लवकर, आणि जहाज डोलत असताना. नॅनोमोल म्हणजे मोलचा अब्जावा भाग, आणि मोकळ्या समुद्रात लिटरमागे यातले काही थोडेच सापडतात. दिवसभर राबून हाती येतात ते दहा-बारा आकडे, नकाशावरचे दहा-बारा ठिपके.

समुद्र मात्र पृथ्वीच्या जवळजवळ तीन चतुर्थांश भागावर पसरलेला. ठिपक्यांनी तो भरणार कसा? म्हणून नजर वर गेली.

समुद्राचा रंग अवकाशातून वाचता येतो हे अमेरिकेच्या निंबस-७ उपग्रहाने १९७८ पासून दाखवले होते. तत्त्व सोपे आहे. प्लवकांतले हरितद्रव्य निळा प्रकाश गिळते आणि हिरवा परत पाठवते. जिथे प्लवक अधिक तिथे पाणी निळ्याकडून हिरव्याकडे सरकते. व्यवहारात ते फार अवघड आहे. समुद्रावरून उपग्रहापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशात पाण्यातून आलेला भाग दहा टक्क्यांहूनही कमी असतो, बाकीचा सगळा हवेने विखुरलेला. तो अचूक वजा करायचा आणि उरलेल्या मूठभर प्रकाशातून हरितद्रव्य काढायचे. १९९७ पासून सीविफ्स हे अमेरिकी उपकरण रोज जगाचा नकाशा देऊ लागले. २६ मे १९९९ रोजी श्रीहरिकोटाहून ओशनसॅट-१ उडाला आणि भारताला स्वतःचा समुद्ररंगमापक मिळाला. आठ रंगपट्टे, ३६० मीटरचा बारकावा, दर दोन दिवसांनी तेच पाणी पुन्हा. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राची गणिते आणि दोनापावलहून निघणाऱ्या जहाजांवरचे प्रकाशमापक यांची सांगड इथून बसत गेली. उपग्रह जातो त्याच वेळी, त्याच ठिकाणी जहाजावरून पाण्याचा प्रकाश मोजायचा आणि दोघांचे जुळते का ते पाहायचे. बहुतेक वेळा एकदम जुळत नाही. न जुळण्यातूनच गणित सुधारते.

हरितद्रव्य कळले म्हणजे वायू कळला, असे मात्र नाही. डीएमएसला उपग्रहापर्यंत पोचेल असा रंग नाही. उपग्रह त्याला पाहूच शकत नाही, तो फक्त त्याच्या घराचा रंग पाहतो. आणि घरात कोण राहते यावर सगळे अवलंबून. डायनोफ्लॅजेलेट आणि चुनखडीच्या कवचाचे कोकोलिथोफोर हे डीएमएसपी भरपूर साठवतात. वाळूसारख्या सिलिकाच्या कवचाचे डायटम त्यामानाने फार थोडे. पावसाळ्यात गोव्याच्या किनाऱ्याला तळाचे पाणी वर येते तेव्हा भरभराट होते ती बहुधा डायटमची. रंग गडद आणि वायू बेताचा. पावसाळ्याआधी आपल्या किनाऱ्यालगत ट्रायकोडेस्मियमचे तपकिरी-पिवळे तवंग येतात, लाकडाचा भुसा पाण्यावर पसरल्यासारखे. संस्थेत त्यांच्यावर सत्तरच्या दशकापासून अभ्यास झाला. तेही रंगाने ठळक आणि या वायूच्या हिशेबात किरकोळ.

म्हणून पुढची गणिते रंगावर थांबत नाहीत. २००२ साली सिमो आणि डाख्स यांनी हरितद्रव्याला पाण्याच्या वरच्या ढवळलेल्या थराच्या जाडीची जोड दिली. थर उथळ असला की प्लवकांवर ऊन जास्त पडते आणि वायू वाढतो. २०१८ साली मार्ती गाली आणि सहकाऱ्यांनी दोन पायऱ्यांची रीत मांडली. आधी हरितद्रव्य, ढवळलेला थर आणि प्रकाश यांवरून पेशींतला साठा काढायचा, मग उन्हाच्या प्रमाणावरून त्यातला किती वायू होतो ते. हीच रीत त्यांनी आर्क्टिकला लावली. बर्फ मागे हटतो आहे, उघडे पाणी वाढते आहे, आणि १९९८ ते २०१६ या काळात तिथला डीएमएस दर दशकाला सुमारे एक तृतीयांशाने वाढत गेला, असे २०१९ साली प्रसिद्ध झाले. आपल्यासाठी यातली शिकवण वेगळी आहे. ही दुसरी पायरी बसवायला जगभरच्या बाटल्यांतले आकडे लागले, आणि हिंदी महासागराचे जे आकडे त्यात आहेत त्यांत याच संस्थेच्या जहाजी रात्रींचा वाटा आहे.

आता आपल्या समुद्राची खोड. अरबी समुद्र सर्वांत सुपीक असतो तो जून ते सप्टेंबर. नेमक्या याच महिन्यांत त्याच्यावर ढगांचे झाकण असते. रंग वाचणाऱ्या उपग्रहाला ढगापलीकडचे काही दिसत नाही. आठवडेच्या आठवडे नकाशावर पांढरे डाग राहतात. कोकणात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात उतरतात. उपग्रहाची नारळी पौर्णिमा त्याहूनही उशिरा, भाद्रपद सरता सरता. गोव्यात १ जूनला ट्रॉलर जेटीला लागतात, आणि आकाशातला मासेमारही जाळे गुंडाळून बसतो.

हे भगदाड संस्थेने बुजवले ते गोव्यातल्या कांदोळीच्या समोर. १९९७ पासून या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, पाण्याच्या एकाच ठरलेल्या जागी, शक्य त्या प्रत्येक महिन्यात नमुने घेतले जात आहेत. जागा साधी, खोली पंचवीस-तीस मीटरच्या आसपास. खवळलेल्या समुद्रात छोट्या बोटीवरून तिथे जाणे कुणाच्या आवडीचे काम नव्हे. पण समुद्रविज्ञानात संस्थेचे नाव ज्या शोधांनी झाले त्यांतला एक इथून निघाला. पावसाळ्यात वर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड पाण्याची पातळ चादर पसरते. खाली अरबी समुद्राच्या त्या जाड थरातले, आधीच प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याकडे सरकते. चादरीमुळे हवा खाली जात नाही आणि वरून मेलेले प्लवक पडत राहतात. सप्टेंबरपर्यंत तळाशी प्राणवायू संपतो. नायट्रस ऑक्साइड प्रचंड वाढतो, आणि शेवटी सडक्या अंड्यांचा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. डॉ. नक्वी आणि सहकाऱ्यांचा यावरचा निबंध २००० साली ‘नेचर’मध्ये आला.

त्याच ठिकाणी शेणॉय आणि सहकाऱ्यांनी डीएमएस मोजला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात प्राणवायू संपलेल्या पाण्यात डीएमएस लिटरमागे शेकडो नॅनोमोलपर्यंत चढलेला दिसला. मोकळ्या समुद्रातल्या नेहमीच्या आकड्याच्या जवळपास शंभरपट. हा साठा तळाजवळच्या पाण्यातला. त्याच्यावर गढूळ पाणी, गोड्या पाण्याची चादर, आणि सगळ्यांवर ढग. उपग्रहाच्या गणितात त्याला जागाच नव्हती. हा प्रसंग मी गणितवाल्यांच्या चुकीचा पुरावा म्हणून सांगत नाही. उपग्रह वरच्या काही मीटरांचे बोलतो, आणि त्याने तेवढेच बोलावे. पुढचे विचारायचे तर बोट काढावी लागते.

पुण्याचा या कथेशी संबंध इथे येतो. पाषाण रस्त्यावरची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आमच्याहून चार वर्षांनी थोरली, १९६२ सालची. समुद्रापासून सह्याद्रीपलीकडे असलेल्या या संस्थेत अनूप महाजन आणि त्यांच्या गटाने जगभरच्या डीएमएस-मोजण्या एकत्र आणल्या. श्रीवर्धन हुल्सवार प्रमुख लेखक असलेला त्यांचा सुधारित जागतिक नकाशा २०२२ साली आला. त्यासाठी आठ लाखांहून अधिक मोजण्या गोळा झाल्या. एकाच फेरीत दाटीवाटीने घेतलेल्या नोंदी एकत्र करून, चाळून हाती उरल्या त्या पन्नास हजारांच्या आतल्या. त्यावरून जगाचे वार्षिक उत्सर्जन सुमारे २७ दशलक्ष टन गंधकाचे निघाले. याआधीचा २०११ सालचा आकडा २८ होता. इतके आकडे वाढूनही बेरीज फारशी हलली नाही. त्यामुळे काहींना हायसे वाटले. मला वाटत नाही. जगाची बेरीज स्थिर राहिली तरी एकेका समुद्राचा, एकेका महिन्याचा आकडा बराच हलतो, आणि पावसाचे ढग महिन्यांनी येतात, वार्षिक सरासरीने येत नाहीत.

रंगाच्या आधाराने कल सांगताना किती सांभाळावे लागते, याचे उदाहरण आपल्याच समुद्राने दिले. २००५ साली मूळचे गोव्याचे आणि पूर्वी याच संस्थेत असलेले जोकिम गोएस यांनी सहकाऱ्यांसह ‘सायन्स’मध्ये लिहिले की पश्चिम अरबी समुद्रातले पावसाळी प्लवक १९९७ नंतरच्या सात वर्षांत कित्येक पटींनी वाढले. २०१६ साली पुण्याच्याच रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने सहा दशकांचा पट धरून पश्चिम हिंदी महासागरातले प्लवक वीस टक्क्यांपर्यंत घटल्याचे दाखवले. समुद्र तोच, हिरवेपण तेच, फक्त खिडकी लहान-मोठी. वायूच्या कलाबद्दल उपग्रहावरून विधान करणाऱ्याने हे दोन निबंध शेजारी ठेवून वाचावेत, असा माझा आग्रह असतो. गोएस आणि हेल्गा गोम्स यांनी संस्थेच्या प्रभू माटोंडकरांसह उत्तर अरबी समुद्रातल्या हिरव्या नॉक्टिल्युकाच्या बहरावर केलेले काम पुढे २०१४ साली आले. हिवाळ्यात पूर्वी डायटम असत तिथे आता ही रात्री चमकणारी जात पसरते आहे. उपग्रहाला दोन्ही वेळा पाणी हिरवेच. घरमालक मात्र बदलला.

वायू पाण्यात किती आहे हे कळल्यावर हवेत किती जाईल हे वारा ठरवतो. वारा दुप्पट झाला तर निसटणारा वायू दुपटीहून अधिक वाढतो असे बहुतेक सूत्रे सांगतात. २३ सप्टेंबर २००९ रोजी उडालेल्या ओशनसॅट-२ वर रंगमापकाच्या शेजारी वारा मोजणारा रडारही बसवला होता. २६ नोव्हेंबर २०२२ रोजी गेलेल्या ओशनसॅट-३ वरही तशीच जोडी आहे, आणि तिच्या रंगमापकाचे पट्टे आठांवरून तेरा झाले आहेत. पट्टे वाढले म्हणजे प्लवकांच्या जाती वेगळ्या ओळखण्याची थोडी अधिक शक्यता. रडारला ढगांचा अडथळा फारसा नाही. म्हणजे आषाढातही अरबी समुद्रावर किती वारा वाहतो ते उपग्रह सांगतो, त्याखाली काय उगवले आहे तेवढे सांगत नाही.

‘गवेषणी’ १९९४ साली निवृत्त झाली. संस्थेची स्वतःची ‘सिंधु साधना’ २०१४ साली मुरगावला दाखल झाली. तिच्या डेकवर बाटल्यांचे कडे पाण्यात सोडताना आजही तीच सूचना दिली जाते: बुडबुडा नको, घाई नको. जगाच्या नकाशाचे एका अंशाचे चौकोन पाडून महिन्यागणिक डीएमएस लिहिला, की हिंदी महासागराच्या जुलै-ऑगस्टच्या पानावर पुष्कळ चौकोन असे उरतात ज्यांत एकही मोजणी नाही आणि शेजारच्या आकड्यांवरून रंग भरलेला आहे. कांदोळीसमोरचा चौकोन त्यांतला नाही.